पथ्य की आजार?

दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात. एक जण गोड नाकारतो, मोजून जेवतो. एक मुलगीही तेच करते. त्याचं पथ्य असतं, तिला कदाचित अ‍ॅनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडत नेणारा मानसिक आजार असतो, आणि 'किती निग्रही!' असं कौतुक दोघांच्याही वाट्याला येतं. तिच्या बाबतीत हे कौतुकच मला सर्वांत धोक्याचं वाटतं.

पथ्य मोडलं तर थोडी चुटपुट लागते, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. आजारात मोडलेला नियम थेट लायकीवर येतो. एक घास जास्त गेला की 'मी वाईट', भूक मारली की 'मी खंबीर'. अन्नाबद्दलचं मत हळूहळू स्वतःबद्दलचं मत होऊन बसतं.

अशी मतं हवेतूनही येतात. फिजीच्या नाद्रोगा भागात भरलेलं शरीर चांगलं मानलं जाई. १९९५मध्ये तिथे टीव्ही पोहोचला. मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅन बेकर यांच्या पाहणीत, खाण्याविषयीच्या प्रश्नावलीत धोक्याच्या पातळीवर असलेल्या शाळकरी मुली तेव्हा १२.७ टक्के होत्या, १९९८मध्ये २९.२ टक्के. पाहणी लहान होती, आणि टीव्ही हे एकमेव कारण म्हणता येणार नाही. तरी हा बदल दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

पण नुसत्या मताने सगळं उलगडत नाही. १९४४-४५मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. बारीक होण्याची हौस त्यांना नव्हती. तरीही ते अन्नाचाच विचार करू लागले, पाककृती जमवू लागले, एकेक जेवण तासन्‌तास लांबवू लागले. चिडचिड, उदासी, माणसं टाळणं, सगळं आलं. भरपूर खायला मिळू लागल्यावरही काहींची भूक भागेना. म्हणून घरच्यांना जो हट्ट वाटतो, त्यातला बराचसा उपासमारीने घडवलेला असतो. 'समजावून सांगा तिला' याने फारसं साधत नाही ते त्यामुळेच. उपचारात शरीराचं पोषण सावरणं आधी लागतं, मग त्या मतांशी बोलता येतं.

वजनावरून मात्र ओळखायला जाऊ नका. भरल्या अंगाच्या माणसालाही हा आजार गाठतो, आणि त्याला तर शाबासकीच मिळत राहते. त्यापेक्षा 'आज हे खाल्लंस तर काय वाटेल?' असं हळूच विचारा. उत्तरात भीती दिसली, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे घेऊन जा.