श्तान्येल की श्मार्तनो? स्लोव्हेनियातली दोन तटबंद खेडी

टेकडीच्या माथ्यावर दाटीवाटीनं उभी दगडी घरं, भोवती तटबंदी, वर डोकावणारा चर्चचा मनोरा. पश्चिम स्लोव्हेनियाचा असा फोटो पाहिला की तो श्तान्येलचा की श्मार्तनोचा, हे चटकन ओळखू येत नाही. दोन्ही गावं इटलीच्या सीमेजवळ, दोन्हीकडे वाइन. विसाव्या शतकात झेंडेही सारखेच बदलले: आधी ऑस्ट्रिया-हंगेरी, पहिल्या महायुद्धानंतर इटली, १९४७ पासून युगोस्लाव्हिया आणि १९९१ पासून स्वतंत्र स्लोव्हेनिया. खरा फरक जमिनीच्या पोटात आहे.

श्तान्येल क्रास पठारावर आहे. भूगोलाच्या पुस्तकातली 'कार्स्ट' भूरूपं याच पठाराच्या नावानं ओळखली जातात. इथं पाऊस कमी नाही, पण पडलेलं पाणी चुनखडीच्या भेगांतून थेट पाताळात जातं. वर ना नदी, ना ओढा. त्यामुळे पावसाचा थेंब न् थेंब धरून ठेवायचा, हाच जुन्या घरांच्या बांधणीचा मुख्य विचार. छपरावरचं पाणी दगडी पन्हळीतून अंगणातल्या टाक्यात उतरतं. छपरंसुद्धा जाड दगडी फरशांची, कारण हिवाळ्यात ईशान्येकडून सुटणारा 'बुर्या' हा वारा हलकंसलकं छप्पर टिकू देत नाही. त्या बाजूच्या भिंतींना खिडक्या जवळपास नसतातच. शेताच्या कडेला चुना-माती न लावता दगडावर दगड रचून केलेले बांध आहेत. ही कला २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. स्लोव्हेनियासह आठ देशांनी मिळून तिची नोंद केली होती.

पाण्याची ही ओढाताण एका मोठ्या वास्तुविशारदानं थेट बागेत उतरवली. माक्स फाबियानी १८६५ साली श्तान्येलच्या पायथ्याशी, कोब्दिलमध्ये जन्मला. व्हिएन्नात त्यानं उरानिया ही वास्तू बांधली, १८९५ च्या भूकंपानंतर ल्युब्लियाना शहराचा आराखडा आखून दिला. पुढे तो गावाकडे परतला आणि १९३५ ते १९४५ श्तान्येलचा महापौर राहिला. त्रिएस्ते या जवळच्या बंदर-शहरातल्या डॉक्टर फेरारी या नातलगासाठी त्यानं तटाला लागून पायऱ्यापायऱ्यांची बाग रचली. तिच्या मधोमध लंबवर्तुळाकार तळं, त्यात इवलंसं बेट आणि त्यावर जायला कमानीचा पूल. जिथं घोटभर पाण्यासाठी टाकी राखावी लागते, तिथं शोभेचं तळं! पण साठवण आणि वाटपाची नीट योजना केल्यामुळे ते जमलं. माझ्या मते श्तान्येलला जायचं ते या बागेसाठीच. कोबेन्त्स्ल या सरदार घराण्याचा इथला किल्ला दुसऱ्या महायुद्धात जळाला. नंतर त्याचा काही भाग दुरुस्त झाला असून तिथं चित्रकार लोय्झे स्पात्सालची गॅलरी आहे. संत डॅनियल चर्चच्या मनोऱ्याचा माथा मात्र लिंबासारखा दिसतो. फोटो ओळखायची सर्वांत सोपी खूण तीच.

श्मार्तनो गोरिश्का ब्रदा या टेकड्यांच्या मुलखात आहे. इथं चुनखडी नाही. मार्ल (चुनायुक्त चिकणमातीचा मऊ खडक) आणि वालुकाश्माचे थर हवा-पाणी लागलं की भुसभुशीत होऊन सुटतात. गावकरी त्याला 'ओपोका' म्हणतात. टेकड्या त्यामुळे मऊ उताराच्या, हिरव्या, पायऱ्यापायऱ्यांच्या. इथली ओळख म्हणजे रेबुला ही पांढरी वाइन आणि चेरी. उलट क्रासच्या तांबड्या मातीत रेफोश्क द्राक्षांपासून तेरान ही गडद, आंबटसर लाल वाइन होते. पेल्यातला रंग पाहिला तरी आपण कुठल्या गावात बसलोय ते कळतं.

तटबंदीची कारणंही एक नव्हेत. श्तान्येलला तुर्कांच्या धाडींची मोठी धास्ती होती. श्मार्तनो सोळाव्या शतकात व्हेनिस आणि ऑस्ट्रियाच्या सरहद्दीवरचं ठाणं म्हणून मजबूत केलं गेलं. त्याच्या सात बुरुजांपैकी पाच उरलेत. १९७६ मध्ये शेजारच्या इटलीतल्या फ्रिउली भागात झालेल्या भूकंपानं गाव खिळखिळं केलं, त्यानंतर बरीच डागडुजी झाली. चर्चमधली चित्रं टोने क्राल्य या स्लोव्हेनियन चित्रकाराची. फॅसिस्ट अमदानीत या भागातली चर्च रंगवताना बायबलमधल्या दुष्टांना तो मुसोलिनीसारखे चेहरे द्यायचा.

पहिल्या महायुद्धात तर दोन्ही गावं समोरासमोरच्या बाजूंना होती. इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्यातल्या इसोंझो आघाडीवर श्तान्येल ऑस्ट्रियाच्या पिछाडीला, तिथं लष्करी रुग्णालय आणि सैनिकांची दफनभूमी. श्मार्तनोचा परिसर १९१५ पासून इटालियन सैन्याच्या ताब्यात.

१९४७ च्या सीमेनं ब्रदाचं जास्त नुकसान केलं. टेकड्यांचा एक भाग इटलीत राहिला (तिकडे त्यांना कोलियो म्हणतात) आणि बाजारपेठेचं गोरित्सिया शहरही तिकडेच गेलं. युगोस्लाव्हियानं सीमेलगत नव्यानं वसवलेल्या नोव्हा गोरित्सा शहराकडे जायला वळसा पडे. इटली आणि युगोस्लाव्हियामधल्या १९७५ च्या ओसिमो सीमा-करारानंतर साबोतिन डोंगरावरून रस्ता काढला, तो १९८५ मध्ये खुला झाला. त्याचा एक तुकडा चक्क इटलीच्या हद्दीतून जातो. दोन्ही बाजूंना कुंपण, मध्ये थांबायची सोय नाही.

आता जायचं तर: श्तान्येलला स्वतःचं रेल्वे स्थानक आहे, १९०६ मध्ये सुरू झालेल्या येसेनित्से-त्रिएस्ते मार्गावरचं. श्मार्तनोला रेल्वे नाही. श्तान्येलचं इटालियन नाव सान डॅनियेले देल कार्सो. प्रसिद्ध हॅमचं सान डॅनियेले ते हे नव्हे, ते फ्रिउलीत. श्मार्तनो नावाची गावं तर स्लोव्हेनियात पुष्कळ आहेत, तेव्हा नकाशात शोधताना पुढे 'ब्रदा' जोडा.