ग्वाडलूप माउंटन्स नॅशनल पार्कमध्ये तंबू टाकायचाय? पास, आरक्षण, परमिट आणि सोबत ठेवायची कागदपत्रं

पश्चिम टेक्सासच्या सपाट, रखरखीत वाळवंटात अचानक एक भिंत उभी राहते, ती ग्वाडलूप माउंटन्स. सव्वीसेक कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. त्यातल्या स्पंज-शैवालांनी रचलेली रीफ, म्हणजे समुद्रातली खडकाची रांग, वर उचलली गेली आणि तिचाच हा डोंगर झाला. टेक्सासमधलं सर्वांत उंच शिखर, ग्वाडलूप पीक, इथेच आहे: ८,७५१ फूट, म्हणजे २,६६७ मीटर. १९७२ मध्ये हा नॅशनल पार्क रीतसर सुरू झाला. डॅलसहून गाडीने साधारण आठ तास, ह्यूस्टनहून दहाच्या वर, आणि एल पासोच्या विमानतळावर उतरलात तर दोन तासांत पोचता.

टेक्सासमधल्या मराठी मंडळींमध्ये लाँग वीकेंड जवळ आला की या पार्कची चौकशी सुरू होते. परमिट लागतं का, आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आलेत तर त्यांचं काय, मंडळाचा ग्रुप न्यायचा तर कसं, हे प्रश्न ठरलेले. कागदपत्रांचं काम खरं तर थोडं आहे, पण ते घरी बसून, निघण्याआधी उरकावं लागतं. तिथे पोचल्यावर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, आणि पार्कमध्ये ना दुकान, ना हॉटेल, ना पेट्रोल पंप. कुठल्याही दिशेने गेलात तरी ३५ मैलांत पेट्रोल नाही.

आधी ठरवा: दिवसाचा ट्रेक, कॅम्पग्राउंड की डोंगरावर मुक्काम

सगळी प्रक्रिया या एका निर्णयावर ठरते.

नुसता दिवसाचा ट्रेक करून परत येणार असाल तर आरक्षण नाही, परमिट नाही. प्रवेश शुल्क भरा आणि चाला. शिखराची वाट जाऊन-येऊन ८.४ मैल आहे, चढ ३,००० फूट, वेळ सहा ते आठ तास.

पायथ्याशी गाडीजवळ तंबू टाकायचा असेल तर प्रवेश शुल्क भरायचंच, शिवाय कॅम्पसाइटचं आरक्षण. आणि डोंगरावर, ट्रेलवरच्या ठरवून दिलेल्या जागांवर रात्र काढायची असेल तर विल्डरनेस परमिट. या जागा एकूण १० आहेत. ग्वाडलूप पीक, पाइन टॉप, टेहास, मॅककिट्रिक रिज या त्यांतल्या काही. या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. कॅम्पसाइटच्या भाड्यात प्रवेश शुल्क धरलेलं नसतं, हे अनेकांना दारात कळतं.

प्रवेश शुल्क, आणि कुणाला कुठला पास मिळतो

इथलं शुल्क गाडीवर नाही, माणशी आहे: १६ वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाला १० डॉलर, सात दिवसांसाठी. १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना काही नाही. भरणा रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी साइटवर आधी करता येतो किंवा पाइन स्प्रिंग्सच्या व्हिजिटर सेंटरवर. मी म्हणेन घरूनच भरा आणि पावती फोनमध्ये उतरवून ठेवा, म्हणजे नेटवर्क नसलं तरी दाखवता येईल.

वार्षिक ‘अमेरिका द ब्यूटिफुल’ पास घ्यावा का, याचा साधा हिशोब मांडू. नवरा-बायको आणि आई-बाबा, असे चार मोठे. इथले ४० डॉलर झाले. पण एवढ्या लांब आलेलं कुटुंब कार्ल्सबॅड कॅव्हर्न्सची गुहा न बघता सहसा परतत नाही. ती तासाभराच्या अंतरावर आहे आणि तिथे माणशी १५ डॉलर, म्हणजे ६०. शंभर इथेच झाले. पुढे व्हाइट सँड्सला गेलात तर गाडीचे आणखी २५. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी वार्षिक पास ८० डॉलरचा आहे, आणि माणशी शुल्क असलेल्या पार्कमध्ये तो पासधारकासह १६ वर्षांवरच्या आणखी तिघांना चालतो. अशा चार मोठ्यांच्या कुटुंबाला पास सरळसरळ परवडतो. (पास असला तरी कार्ल्सबॅडच्या गुहेसाठी वेळेचं आरक्षण माणशी एक डॉलर भरून वेगळं करावं लागतं. ते विसरू नका.)

आता पात्रतेचा मुद्दा. इथे आपल्या लोकांचा सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१ जानेवारी २०२६ पासून वार्षिक पासचे दोन दर झाले आहेत: अमेरिकेच्या रहिवाशांना ८० डॉलर, बाकीच्यांना २५०. रहिवासी असल्याचा पुरावा म्हणून अमेरिकेतलं सरकारी फोटो ओळखपत्र बघतात. राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा ग्रीन कार्ड. म्हणजे एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या, टेक्सासचं लायसन्स असलेल्या माणसाने पास स्वतःच्या नावावर घ्यावा, आणि भारतातून आलेले आई-बाबा सोबतच्या तिघांत मोजले जातील. त्यांच्या नावावर २५० डॉलरचा पास घेण्याची गरज नाही. ११ मोठ्या पार्कांमध्ये परदेशी पाहुण्यांवर माणशी १०० डॉलरचा जो जादा आकार बसवला आहे, त्या यादीत ग्वाडलूप नाही.

सीनियर पासविषयी: वय ६२ पूर्ण असलं की आजीव पास ८० डॉलरला मिळतो, वर्षाचा २० ला. शिवाय कॅम्पसाइटचं भाडं निम्मं होतं. पण तो फक्त अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांच्यासाठी आहे. व्हिजिटर व्हिसावर आलेले ज्येष्ठ त्याला पात्र नाहीत, वय ७५ असलं तरी. वय दिसतंय म्हणून ऑनलाइन बुकिंग करताना सीनियर सवलतीची खूण करू नका. पोचल्यावर पास दाखवावा लागतो. ज्यांच्या आई-बाबांना ग्रीन कार्ड मिळालंय त्यांनी मात्र हा पास जरूर काढावा, आयुष्यभर चालतो. कायमस्वरूपी अपंगत्व असलेल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना अ‍ॅक्सेस पास मोफत आहे. घरात चौथीतलं मूल असेल तर ‘एव्हरी किड आउटडोअर्स’ योजनेचा मोफत पासही आहे.

कॅम्पसाइटचं आरक्षण

पार्कमध्ये गाडीने जाता येतील अशी दोन कॅम्पग्राउंड आहेत. पाइन स्प्रिंग्स हे मुख्य. शिखराची वाट तिथूनच सुटते. दुसरं डॉग कॅन्यन, पार्कच्या उत्तर टोकाला, न्यू मेक्सिकोतून जावं लागतं आणि पाइन स्प्रिंग्सपासून गाडीने दोन तास लागतात. नकाशावर दोन्ही शेजारी दिसतात म्हणून चुकून डॉग कॅन्यन बुक केलं तर शिखर गाठणं अवघड होऊन बसेल. शांतता हवी असेल, गर्दी नको असेल, तर मात्र डॉग कॅन्यनसारखी जागा नाही.

आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्हवर. आधी खातं उघडा: ईमेल, फोन नंबर, क्रेडिट कार्ड, बस. भारतीय पासपोर्ट किंवा व्हिसाची माहिती कुठेही मागत नाहीत. कॅम्पिंगसाठी नागरिकत्वाची अट नाही. साध्या साइट सहा महिने आधी खुल्या होतात. दर रात्रीला २० डॉलर, एका साइटवर जास्तीत जास्त सहा माणसं आणि दोन तंबू. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर मध्य हा मॅककिट्रिक कॅन्यनमधल्या मेपलच्या पानगळीचा हंगाम आणि मार्चमधली स्प्रिंग ब्रेकची सुट्टी, या तारखा फार लवकर जातात. त्या हव्या असतील तर सहा महिने मागे मोजून कॅलेंडरवर खूण करा.

आरक्षण अशाच माणसाच्या नावावर करा जो नक्की येणार आहे, आणि नाव लायसन्सवर आहे तसंच लिहा. मित्राने मित्रांसाठी बुक केलं आणि आयत्या वेळी तोच आला नाही, तर बाकीच्यांची पंचाईत होते. मंडळाचा मोठा ग्रुप असेल तर पाच साध्या साइट धरण्यापेक्षा १० ते २० जणांची ग्रुप साइट बघा. पैसे आकारून कुणी ट्रेक चालवणार असेल तर त्याला वेगळी व्यावसायिक परवानगी लागते. वर्गणी काढून एकत्र जाण्याचा आणि धंद्याचा फरक आधी पार्कच्या कार्यालयाला ईमेल करून स्पष्ट करून घ्या.

दोन्ही कॅम्पग्राउंडवर पिण्याचं पाणी आणि फ्लशची स्वच्छतागृहं आहेत. आंघोळीची सोय नाही, आरव्हीसाठी वीजजोडणी नाही. लाकूड किंवा कोळसा पेटवायला पूर्ण बंदी आहे: शेकोटी नाही, कोळशाची शेगडी नाही. फक्त डब्यातल्या गॅसवर चालणारा स्टोव्ह चालतो. गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, त्यामुळे एल पासोला उतरणाऱ्यांनी तो शहरातच विकत घ्यावा. ड्रोनलाही बंदी आहे. कुत्रा कॅम्पग्राउंडमध्ये चालतो, पण शिखराच्या वाटेवर नाही.

विल्डरनेस परमिट

डोंगरावर मुक्काम करणाऱ्या प्रत्येक गटाला हे हवंच. अर्जात गटप्रमुखाचं नाव, माणसांची संख्या, आणि कुठल्या रात्री कुठल्या जागी मुक्काम हे भरायचं असतं. मनाला येईल तिथे तंबू टाकता येत नाही. परमिटवर लिहिलेल्या जागीच थांबायचं. आरक्षणाची पावती म्हणजे परमिट असं धरून चालू नका. परमिट हातात कसं घ्यायचं याच्या सूचना ईमेलमध्ये येतात, त्या शेवटपर्यंत वाचा आणि परमिट सॅकमध्ये ठेवा.

पण या डोंगराची खरी अट पाण्याची आहे, आणि ती कुठल्याच फॉर्मवर तपासली जात नाही. वर कुठेही भरवशाचं पाणी नाही. पार्कचा हिशोब माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे जवळपास पावणेचार लिटर. दोघांनी दोन दिवस वर काढायचे तर १५ लिटर पाणी, १५ किलो वजन, तेही ३,००० फूट चढावर. सह्याद्रीत वाढलेल्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. कळसूबाईला वाटेत सरबतवाले भेटतात, पावसाळ्यानंतर ओढे वाहत असतात. इथे पाइन स्प्रिंग्सचं कॅम्पग्राउंडच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंच आहे, हवा कोरडी आहे, घाम दिसायच्या आत वाळतो आणि तहान उशिरा कळते. पहिल्यांदा जाणाऱ्यांना माझा सल्ला सरळ आहे: मुक्काम खाली करा, शिखर दिवसात करा.

जवळ ठेवायची कागदपत्रं

पार्कसाठी: प्रवेशाची पावती किंवा पास, पासधारकाचं फोटो ओळखपत्र, कॅम्पसाइटचं आरक्षण, लागू असेल तर परमिट.

प्रवासासाठी यापेक्षा महत्त्वाचं आहे. हा भाग मेक्सिकोच्या सीमेपासून फार लांब नाही. एल पासो परिसरातल्या महामार्गांवर बॉर्डर पेट्रोलचे तपासणी नाके असतात आणि तिथे नागरिकत्व विचारलं जातं. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे १८ वर्षांवरच्या परदेशी व्यक्तीने आपली नोंदणीची कागदपत्रं कायम जवळ बाळगायची असतात. त्यामुळे आई-बाबांचे मूळ पासपोर्ट आणि आय-९४ ची (अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची) छापील प्रत सोबत हवी. एच-१बीवाल्यांनी पासपोर्ट आणि आय-९४, विद्यार्थ्यांनी त्याबरोबर आय-२० (विद्यापीठाने दिलेला प्रवेशाचा फॉर्म), ग्रीन कार्डधारकांनी मूळ कार्ड. पासपोर्ट घरी सुरक्षित राहावा म्हणून कपाटात ठेवून निघण्याची सवय इथे उपयोगाची नाही. आय-९४ सीमाशुल्क खात्याच्या साइटवरून दोन मिनिटांत काढता येतो, पण घरून. नाक्यावर शांतपणे, विचारलं तेवढं सांगितलं की गाडी पुढे जाते. आई-बाबांना आधीच कल्पना देऊन ठेवली तर ते घाबरत नाहीत.

वेळ, वारा आणि रद्द करण्याचे नियम

पार्क माउंटन टाइमवर चालतो, डॅलस-ह्यूस्टनपेक्षा एक तास मागे. तिथे फोन कधी हा, कधी तो टॉवर पकडतो आणि घड्याळ बदलत राहतं. मॅककिट्रिक कॅन्यनचं फाटक सकाळी ८ वाजता उघडतं आणि संध्याकाळी कुलूप लागतं. तिथे मुक्काम करता येत नाही, म्हणून मनगटी घड्याळ माउंटन टाइमला लावून ठेवा. चालायला ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी व्हिजिटर सेंटरपासून जाऊन-येऊन पाऊण मैलाची, फरसबंद पायनरी ट्रेल आहे. ती १८५८ च्या बटरफील्ड टपालमार्गावरच्या ठाण्याच्या पडक्या भिंतींपर्यंत जाते. व्हीलचेअरवरूनही जमते.

हिवाळा आणि वसंतात इथला वारा भयंकर असतो, ताशी ८० मैलांच्या वर झोत जातात. तंबूचे खांब मोडतात. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजा कडाडतात, तेव्हा शिखरावर असणं धोक्याचं. म्हणून निघायच्या दोन दिवस आधी हवामान खात्याचा अंदाज बघा आणि वाऱ्याचा इशारा असेल तर तेव्हाच आरक्षण रद्द करा. रद्द करण्याचे १० डॉलर कापले जातात आणि उरलेले परत मिळतात. आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी रद्द केलंत तर पहिल्या रात्रीचं भाडंही जातं. काहीच न कळवता गैरहजर राहिलात तर २० डॉलर आणि पहिल्या रात्रीचं भाडं, आणि त्या रात्री दुसऱ्या कुणाला मिळू शकली असती ती जागा रिकामी राहते.