फेरूच्चो अमेंडोला : इटलीचा आवाज

फेरूच्चो अमेंडोला (२२ जुलै १९३०, तुरिन – ३ सप्टेंबर २००१, रोम) हा इटालियन नट आणि डबिंग आर्टिस्ट. रॉबर्ट डी नीरो, अल पचीनो, डस्टिन हॉफमन आणि सिल्वेस्टर स्टॅलोन या चौघांचाही इटालियन आवाज बरीच वर्षं हा एकटाच माणूस होता, त्यामुळे इटलीत हे चौघं स्टार एकाच गळ्यातून बोलायचे आणि पब्लिकला त्यात काही खटकायचं नाही.

घरच सिनेमावाल्यांचं, काका मारिओ अमेंडोला दिग्दर्शक आणि पटकथाकार. लहान वयातच तो माईकसमोर उभा राहिला, १९४५ च्या 'रोम, ओपन सिटी' मधल्या छोट्या मार्चेल्लोला आवाज त्याचाच आहे असं सांगतात.

इटलीत डबिंग हा साइड बिझनेस कधीच नव्हता. मुसोलिनीच्या काळात पडद्यावर परकी भाषा नको म्हणून परदेशी बोलपट इटालियनमध्येच दाखवायची सक्ती झाली, पुढे राजवट गेली पण सवय काही गेली नाही. त्यात इटलीचे स्वतःचे सिनेमेसुद्धा बहुतेकदा शूटिंगनंतर स्टुडिओत आवाज भरून पुरे व्हायचे, म्हणजे इटालियन नटाच्या तोंडी दुसऱ्याच इटालियन माणसाचा आवाज हेही नेहमीचंच. तोमास मिलियान मूळचा क्युबाचा, पण सत्तरच्या दशकातल्या पोलिसपटांत तो रोमच्या गल्लीतली अस्सल शिवराळ बोली झाडतो ती अमेंडोलाच्या आवाजात, आणि माझ्या मते त्याचं सगळ्यात मजेदार काम हेच, कारण इथे तो नुसता आवाज देत नाही, निम्मं कॅरेक्टर तोच उभं करतो.

हॉलिवूडची यादी तर लांबच लांब. 'मिडनाइट काउबॉय' मधला हॉफमन, 'गॉडफादर' मधला पचीनो, 'टॅक्सी ड्रायव्हर' मधला आरशासमोर बडबडणारा डी नीरो, 'स्कारफेस' चा टोनी मोंताना, सगळीकडे हाच. पहिल्या 'रॉकी' ला (१९७६) मात्र आवाज जिजी प्रोयेत्तीचा होता, अमेंडोला आला तो दुसऱ्या भागापासून. खर्जातला, थोडा घोगरा, जरा दमल्यासारखा आवाज होता त्याचा, म्हणून हरलेली, चिडलेली माणसं त्याला चपखल बसायची.

पण एकच आवाज चौघांना दिला की कधीतरी पंचाईत होणारच, ती झाली १९९५ च्या 'हीट' मध्ये. डी नीरो आणि पचीनो कॉफी पीत समोरासमोर बसतात तो सीन, दोघांना अमेंडोला दिला असता तर माणूस स्वतःशीच बोलतोय असं वाटलं असतं! मग त्याच्याकडे डी नीरो ठेवला आणि पचीनो गेला जानकार्लो जन्नीनीकडे, जो स्वतः ऑस्करचं नॉमिनेशन मिळालेला मोठा नट. (आपल्याकडे श्रेयस तळपदेने हिंदी 'पुष्पा' ला आवाज दिला तेव्हा केवढी चर्चा झाली, तिकडे हे पिढ्यान्‌पिढ्या रुटीन आहे.)

पडद्यावर तो त्या मानाने कमी दिसला. मारिओ मोनिचेल्लीच्या 'ला ग्रांदे ग्वेर्रा' त (१९५९) छोटा रोल होता, नंतर ऐंशीच्या दशकापासून टीव्ही मालिकांमुळे लोक त्याला चेहऱ्यानेही ओळखायला लागले. त्याची बायको रीता सावान्योने हीसुद्धा डबिंगमधलीच (पुढे ते वेगळे झाले), आणि मुलगा क्लाउदिओ इटलीतला नावाजलेला नट.

तो गेल्यावर काम वाटलं गेलं. डी नीरो मुख्यतः स्तेफानो दे सांदोकडे, स्टॅलोन मास्सिमो कोर्व्होकडे, पचीनो तर आधीच जन्नीनीकडे गेला होता.