ट्रान्सपोर्ट, डॅक आणि ‘जिटर’चा घोळ

१९८२ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये पहिला सीडी प्लेअर विक्रीला आला, तेव्हा डिस्कवर आकड्यांत साठवलेलं संगीत वाचणं आणि त्या आकड्यांचा आवाज करणं ही दोन्ही कामं एकाच डब्यात होती. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात डबे वेगळे झाले. वाचणारा तो ट्रान्सपोर्ट, आवाज करणारा तो डॅक. भांडणाला तोंड फुटलं ते तिथून: डॅक तोच ठेवून नुसता ट्रान्सपोर्ट बदलला तर आवाज बदलतो का? काही म्हणत बदलतो, काही म्हणत आकडे तेच, तर आवाजही तोच.

दोघांमधल्या एकाच वायरीतून आकडेही जायचे आणि ते कोणत्या ठेक्यावर सोडायचे हेही. डॅकला ठेका त्या प्रवाहातूनच शोधून काढावा लागे. तो जरा डळमळला की आकडा बरोबर, पण वेळ चुकलेली. हाच जिटर. बोल सगळे बरोबर आणि लय हललेली, असं काहीसं. उपमा मात्र इथवरच, कारण ही चूक नॅनोसेकंदांतली आणि त्याहूनही लहान. ती लय म्हणून कानाला कळत नाही, मूळ स्वराच्या आजूबाजूला क्षीण, उपरे स्वर उमटतात. ‘आकडे तेच, तर आवाजही तोच’ म्हणणारे इथे अर्धेच बरोबर होते.

‘आवाज बदलतो’ म्हणणाऱ्यांनी मग ताळतंत्र सोडलं. जे पटवता येईना ते जिटरच्या नावावर खपू लागलं. १९९० च्या आसपास लोक सीडीची कड हिरव्या मार्करने रंगवत बसायचे, भरकटलेला लेझर प्रकाश म्हणे शोषला जातो. वाचणारा लेझर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे इन्फ्रारेड. हिरव्या शाईचं त्याला काय! शिवाय डिस्कवरचा डेटा आधी मेमरीत साठतो आणि तिथून क्रिस्टलच्या घड्याळाच्या ठेक्यावर बाहेर पडतो. डिस्क थोडी हेलकावली तरी ते तिथेच जिरतं.

ट्रान्सपोर्टच्या जागी कॉम्प्युटर आला तेव्हा सुरुवातीचे यूएसबी डॅक त्याच्याच ठेक्याने चालत. पुढे असिंक्रोनस पद्धत रुळली. आता घड्याळ डॅकपाशी असतं आणि डेटा तोच मागून घेतो. ट्रान्सपोर्टच्या वादातली बरीचशी हवा तेव्हाच गेली. उरला तो वायरीच्या ग्राउंडमधून येणारा विजेचा गोंगाट. तो खरा आहे, आणि ऑप्टिकल जोडणीने तुटतोही.

तरी आजही ‘ऐकून’ निकाल लावताना आवाजाची पातळी जुळवायचं राहून जातं. एका डॅकचं आउटपुट २ व्होल्ट आणि दुसऱ्याचं २.५ असेल, तर दुसरा जवळजवळ २ डेसिबल मोठा वाजतो. ‘अधिक खुला’ ठरतो तो बहुधा हाच.