गाड्यांची वारसानावे

गाजून गेलेल्या गाडीचे नाव कंपनीने पुढे वेगळ्याच घडणीच्या गाडीला लावले, की त्याला वारसानाव म्हणता येईल. दोन दारांच्या स्पोर्ट्‌स कारचे नाव पाच दारांच्या एसयूव्हीवर येते, पेट्रोलवर गाजलेले नाव बॅटरीच्या गाडीवर येते, चार चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचे नाव फक्त पुढची चाके फिरवणाऱ्या गाडीवर येते. त्याच गाडीची पुढची पिढी काढणे ही वेगळी गोष्ट. तिथे गिऱ्हाईक, आकार आणि काम साधारण तेच राहते. पुढची पिढी कुठे संपते आणि नुसते नाव लावणे कुठे सुरू होते, यावरच गाडीवेड्यांचा सगळा वाद आहे.

पुण्यात हा वाद जास्तच रंगतो. पिंपरी, आकुर्डी, चाकण आणि रांजणगाव हा सगळा पट्टा गाड्या आणि इंजिने बनवण्यावर जगतो, त्यामुळे रविवारी पहाटे ताम्हिणी किंवा लवासाच्या वाटेवर चहाला थांबलेल्या टोळक्यात गाडीचा मालक असतो, तसा तिच्या सस्पेन्शनची चाचणी घेतलेला इंजिनिअरही असतो. दुसरा फरक असा, की अमेरिकेत किंवा जपानात हे भांडण स्पोर्ट्‌स कारच्या नावांवरून होते. इथे सामान्य माणसाच्या आवाक्यात स्पोर्ट्‌स कार कधी नव्हतीच. म्हणून तोच जिव्हाळा सफारी, सिएरा आणि चक्क चेतक स्कूटरच्या वाट्याला आला.

परदेशातील उदाहरणे

ही प्रथा जुनी आहे. फोर्डची थंडरबर्ड 1955 साली दोन आसनी होती. 1958 मध्ये ती चार आसनी झाली, शौकिनांनी नाके मुरडली आणि खप वाढला. पुढच्या बहुतेक प्रकरणांत हीच गोष्ट थोड्याफार फरकाने घडलेली दिसते.

सर्वांत बोलके उदाहरण मस्टँगचे. 17 एप्रिल 1964 रोजी ती न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आली. दहा वर्षांत तिचे नाव पिंटो या छोट्या, स्वस्त गाडीच्या सांगाड्यावर उभ्या केलेल्या मस्टँग टू या गाडीला मिळाले. 1974 च्या अमेरिकी मॉडेलमध्ये व्ही-8, म्हणजे आठ सिलिंडरचे दणकट इंजिन मुळी नव्हतेच. तेलटंचाईच्या त्या वर्षी ती 3 लाख 85 हजारांहून अधिक संख्येने बनली. त्यानंतर 1980 च्या दशकात फोर्डने माझदाच्या सांगाड्यावर, पुढची चाके फिरवणारी मस्टँग आखली. बातमी फुटली, चाहत्यांनी कंपनीला पत्रांनी भंडावून सोडले, आणि फोर्डने माघार घेऊन ती गाडी प्रोब या नावाने विकली. जुनी मस्टँग वाचली. चाहत्यांनी आरडाओरडा करून काय साधते, असे विचारणाऱ्याला हे उत्तर आजही दिले जाते.

नोव्हेंबर 2019 मध्ये मात्र माघार झाली नाही. फोर्डने पाच दारांची, पूर्ण विजेवरची मस्टँग मॅक-ई आणली. कंपनीचे कार्यकारी अध्यक्ष बिल फोर्ड यांचाही सुरुवातीला या नावाला विरोध होता आणि नंतर त्यांचे मन वळले. 2024 मध्ये अमेरिकेत मॅक-ई 51 हजारांहून अधिक विकल्या गेल्या, तर दोन दारांच्या मस्टँग सुमारे 44 हजार. म्हणजे त्या वर्षी रस्त्यावर आलेल्या नव्या मस्टँगपैकी निम्म्याहून जास्त गाड्या शौकिनांच्या लेखी मस्टँगच नव्हत्या.

फोर्डने युरोपात प्यूमा आणि काप्री या दोन कूपेंची (दोन दारांच्या, उतरत्या छताच्या गाड्यांची) नावेही अशीच उंच गाड्यांना दिली. मित्सुबिशीने एक्लिप्स या कूपेचे नाव 2017 मध्ये एक्लिप्स क्रॉस या एसयूव्हीला दिले. निस्सानने जपानात स्कायलाइन क्रॉसओव्हर विकली, हे स्कायलाइनच्या कित्येक चाहत्यांना ठाऊकही नसते आणि सांगितले तर आवडत नाही. टोयोटाची सुप्रा 2019 मध्ये परतली ती बीएमडब्ल्यूचे इंजिन आणि झेड-4 चा सांगाडा घेऊन. इथे आकार आणि काम दोन्ही स्पोर्ट्‌स कारचेच, तरीही इंजिन परघरचे म्हणून कुरकुर झाली. लॅम्बोर्गिनीने 2021 मध्ये 112 संकरित (हायब्रिड) गाड्यांना काउंटॅक नाव दिले, तेव्हा मूळ काउंटॅकचे रेखाटनकार मार्चेल्लो गांदिनी यांनी या गाडीशी आपला संबंध नाही, असे जाहीरच करून टाकले.

उलटा मार्गही आहे, आणि तो घेणारे थोडे आहेत. फेरारीने 1960 च्या दशकाच्या अखेरीस लहान व्ही-6 इंजिनाची गाडी काढली, तेव्हा तिला आपले नावच दिले नाही. ती नुसती डिनो म्हणून विकली गेली. पोर्शेने 2002 मध्ये एसयूव्ही काढताना 911 या आपल्या गाजलेल्या गाडीच्या आकड्याला हात न लावता कायेन हे नवे नाव शोधले. पोर्शे एसयूव्ही काढतेच कशी, यावर तेव्हा भरपूर ओरड झाली, पण नाव चोरले अशी तक्रार करायला जागा उरली नाही. गंमत म्हणजे 911 हाही दुसरा पर्याय होता: 1963 मध्ये गाडी 901 म्हणून दाखवली गेली आणि मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितल्यामुळे आकडा बदलावा लागला.

सफारी

पुण्यातील वादाचा केंद्रबिंदू सफारी आहे. 1998 मध्ये टेल्कोने (आताची टाटा मोटर्स) ही गाडी आणली तेव्हा लॅडर फ्रेम (ट्रकसारखा शिडीच्या आकाराचा वेगळा सांगाडा), उंच बसण्याची जागा, मागच्या दारावर लटकवलेली स्टेपनी आणि फोर बाय फोरचा पर्याय असे तिचे रूप होते. 2005 मध्ये डायकोर इंजिन आले, 2012 मध्ये स्टॉर्म आली. भारतीय लष्कराने 3,192 सफारी स्टॉर्म मागवल्या, आणि ऑलिव्ह रंगाची सफारी ही प्रतिमा पक्की झाली. 2019 मध्ये उत्पादन थांबले.

फेब्रुवारी 2020 च्या ऑटो एक्स्पोत टाटांनी हॅरियरची सात आसनी बहीण दाखवली, तिचे नाव तेव्हा ग्रॅव्हिटास होते. जानेवारी 2021 मध्ये जाहीर झाले की ती सफारी म्हणून विकली जाणार. 22 फेब्रुवारीला ती बाजारात आली. लँड रोव्हरच्या डी-8 सांगाड्यावर बेतलेली रचना, रांजणगावात बनणाऱ्या फियाट घराण्यातील दोन लिटरचे डिझेल इंजिन, आणि ताकद फक्त पुढच्या चाकांना. छताला मागे दिलेली पायरी ही जुन्या सफारीची खूण तेवढी ठेवली होती.

या गाडीत खोट काढणे कठीण आहे: ती जुन्या सफारीपेक्षा शांत, स्थिर आणि अपघातात कितीतरी सुरक्षित आहे. विरोधकही हे मान्य करतात. त्यांचा मुद्दा वेगळा आहे: वर्षभर दुसऱ्या नावाने ओळखल्या गेलेल्या गाडीला ऐनवेळी सफारी म्हटले, म्हणजे गाडी घडवताना सफारी कुणाच्या मनात नव्हतीच. माझ्या मते हा आक्षेप फोर बाय फोरच्या आक्षेपापेक्षा भारी आहे. जुन्या सफारी घेणाऱ्यांतल्या बहुतेकांनी फोर बाय फोर घेतलीच नव्हती, आणि घेतलेल्यांपैकी कितीजणांनी तो दांडा ओढला हे त्यांनाच माहीत. पण नाव आधी आणि गाडी नंतर, की गाडी आधी आणि नाव नंतर, याने फरक पडतो. जून 2025 मध्ये आलेल्या हॅरियर ईव्हीला दोन मोटारींसह चारही चाकांची ताकद मिळाली, आणि सफारीच्या नावाशी जोडलेला गुण हॅरियरकडे गेला. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण त्या आठवड्यात पुन्हा एकदा सगळ्यांच्या तोंडी होती.

सिएरा, सुमो, स्कॉर्पिओ

सिएराच्या बाबतीत क्रम उलटा झाला. 1991 ची सिएरा तीन दारांची होती आणि तिच्या मागच्या बाजूला छतापर्यंत वळलेली, न उघडणारी मोठी काच होती. पुण्यातल्या शाळकरी मुलांच्या एका पिढीने ती काच वहीच्या मागच्या पानावर काढली आहे. 2020 मध्ये टाटांनी सिएरा याच नावाने कन्सेप्ट दाखवली आणि नोव्हेंबर 2025 मध्ये 11.49 लाख रुपयांपासून पाच दारांची सिएरा आणली. काच आता खरी वळलेली नाही. खांबांना काळा रंग देऊन तिचा भास केला आहे. तरी सफारीइतके वादळ उठले नाही. गाडी पहिल्या दिवसापासून सिएरा म्हणून घडली होती, शिवाय मूळ सिएरा इतक्या कमी विकल्या गेल्या की तिच्या मालकांपेक्षा तिची स्वप्ने पाहणारेच जास्त होते.

सुमोचे प्रकरण छोटे पण बोधक आहे. टेल्कोच्या पुणे कारखान्याचे शिल्पकार सुमंत मूळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून हे नाव आले. 2008 मध्ये अधिक महागड्या गाडीला सुमो ग्रँड म्हटले गेले. काळी-पिवळी आणि वडापसाठी राबणाऱ्या गाडीचे नाव असलेल्या गाडीला जास्त पैसे मोजायला लोक राजी होईनात, आणि 2014 मध्ये तीच गाडी मोव्हस नावाने आणावी लागली. नाव ताणल्यावर ते कंपनीच्या हिशेबाप्रमाणेच ताणले जाईल असे नाही.

महिंद्राने 2022 मध्ये स्कॉर्पिओ-एन आणली तेव्हा जुनी गाडी स्कॉर्पिओ क्लासिक म्हणून विक्रीत ठेवली. चाकणला बनणारी नवी गाडीही लॅडर फ्रेमवरची आणि मागच्या चाकांना ताकद देणारी आहे. वाद जवळपास झालाच नाही. याच कंपनीने 2021 मध्ये टीयूव्ही 300 ला बोलेरो निओ केले, तेव्हा मात्र खुसखुस झाली.

चेतक

दुचाकींत एकच नाव पुरे आहे. बजाजची चेतक 1972 पासून, व्हेस्पा स्प्रिंटच्या धर्तीवर, आकुर्डीत बनत होती. टू-स्ट्रोक इंजिन, डाव्या मुठीत गिअर, पत्र्याचे अंग आणि सुरू होईना तर एका कुशीवर कलती करण्याचा तो सार्वत्रिक उपाय. 2009 मध्ये कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक राजीव बजाज यांनी स्कूटर बनवणे पूर्ण थांबवायचे ठरवले, तेव्हा त्यांचे वडील राहुल बजाज यांनी जाहीरपणे नाराजी व्यक्त केली होती. ऑक्टोबर 2019 मध्ये विजेवरची चेतक आली, आणि 2022 मध्ये तिचा कारखाना आकुर्डीतच, जुन्या चेतकच्या जागी सुरू झाला.

आवाज नाही, गिअर नाही, धूर नाही, लाथ मारायची किक नाही. तरीही पुणेकराने हिला मॅक-ईसारखे दूर लोटले नाही. पत्र्याचे अंग राखले हे एक कारण सांगतात. खरे कारण बहुधा असे, की जुन्या चेतकवर प्रेम होते ते घरातले माणूस म्हणून. वेग किंवा इंजिन यांचा त्यात संबंध नव्हता. कूपेचे नाव मात्र इंजिन आणि आकारालाच चिकटलेले असते. नुसते मधे पुष्कळ वर्षे गेली म्हणून राग शमतो, हा सिद्धांत काप्रीने खोटा ठरवला: 1986 ते 2024 असा काळ गेल्यावरही तिची टर उडालीच.

अक्षरांचा व्यापार

पूर्ण नावांइतकाच वाद बिल्ल्यांवरच्या अक्षरांचा आहे. चाकणला बनलेल्या पोलो जीटी टीएसआयमुळे पुण्यातल्या अनेक तरुणांना जीटी ही अक्षरे पहिल्यांदा जवळून भेटली. पुढे तीच अक्षरे टायगुन या एसयूव्हीवर आली. मर्सिडीजच्या एएमजी या वेगवान गाड्यांच्या शाखेची मूळ कीर्ती एकाच कारागिराने हाताने जुळवलेल्या इंजिनाची. 2020 मध्ये चाकणला जुळणी झालेली पहिली एएमजी, जीएलसी 43 कूपे, मात्र त्या प्रकारच्या इंजिनाची नव्हती. नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांतून असे बिल्ले विकत घेऊन साध्या गाडीला चिकटवणारे पूर्वीपासून आहेत. कंपनी तेच करते, फक्त गॅरंटीसकट, असे कट्ट्यावरचे एक लाडके मत आहे.

कंपन्या असे का करतात

नवे नाव रुजवायला जाहिरातीचा प्रचंड पैसा लागतो, जुन्याला लागत नाही. कायद्याचाही रेटा आहे. व्यापारचिन्ह कायदा, 1999 नुसार नोंदणी 10 वर्षांची असते आणि नूतनीकरण करता येते. पण कलम 47 प्रमाणे नोंदवलेले चिन्ह सलग पाच वर्षे खरोखर वापरले नाही, तर ते नोंदवहीतून काढण्याची मागणी कुणीही बाधित पक्ष करू शकतो. कपाटात ठेवलेले नाव त्यामुळे फार काळ सुरक्षित राहत नाही. नवे नाव सापडणेही सोपे नाही: महिंद्राने 2024 मध्ये चाकणच्या विजेवरच्या गाडीला बीई 6ई म्हटले, 6ई हा आपला संकेत आहे म्हणून इंडिगो विमान कंपनीने हरकत घेतली आणि नाव बीई 6 एवढेच उरले. वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहनचाचणी संस्थेत चाचणी होते ती गाडीची. नावाला इतिहास शोभतो की नाही, हे तपासणारे खाते सरकारकडे नाही.

घराण्याच्या गायकीबद्दल पुण्यात जसे बोलतात तसेच हेही बोलणे आहे: शिष्याने काय गावे यावर मतभेद चालतात, गुरूचे नाव सांगायचे असेल तर कुठली तरी एक लकब ऐकू यायला हवी यावर एकमत असते. गाडीत ती लकब कोणती, हे जो तो आपल्या पहिल्या गाडीवरून ठरवतो. सिएरा परतल्यापासून पुढचा प्रश्न सुमोचा आहे. 2019 नंतर ते नाव रिकामे आहे, ते परत यावे असे म्हणणारे खूप आहेत, आणि ते विजेच्या गाडीला चालेल का असे विचारले की त्यांच्यातच दोन तट पडतात.