लघवीच्या कल्चरचा नमुना देण्यापूर्वी

"कल्चरचा रिपोर्ट आजच का मिळत नाही?" हा प्रश्न आमच्या काउंटरवर दिवसातून पाच-सहा वेळा तरी विचारला जातो. रक्तातील साखर यंत्र काही मिनिटांत सांगते; कल्चरमध्ये मात्र नमुन्यातील जिवाणू प्रत्यक्ष वाढवावे लागतात. जिवाणूंचे खाद्य असलेल्या प्लेटवर पसरलेला नमुना ३५ ते ३७ अंश सेल्सिअस तापमानात ठेवल्यावर जिवाणूंच्या वसाहती, म्हणजे त्यांचे पुंजके, डोळ्यांना दिसण्यास १८ ते २४ तास लागतात आणि त्या जिवाणूवर कोणते अँटिबायोटिक चालते हे पाहण्यास आणखी एक दिवस जातो. त्याहून लवकर रिपोर्ट देणे आम्हांला जमत नाही आणि तसे आश्वासनही आम्ही देत नाही.

मात्र हे दोन दिवस फुकट जातात ते बहुतेक वेळा एका गोळीमुळे. डॉक्टरांनी कल्चर लिहून दिलेले असते. रात्री जळजळ वाढते, मागच्या आजारातल्या दोन-तीन गोळ्या कपाटात उरलेल्या असतात, त्यांतली एक घेतली जाते आणि सकाळी नमुना आमच्याकडे येतो. एका मात्रेनेही लघवीत इतके औषध उतरू शकते की जिवाणू शरीरात असूनही प्लेटवर वाढत नाहीत. रिपोर्टवर 'नो ग्रोथ' येते, त्रास तसाच राहतो आणि पुन्हा नमुना, पुन्हा दोन दिवस, पुन्हा पैसे असे चक्र सुरू होते. कागलकडील एका गृहस्थांचे असे दोनदा झाले. तिसऱ्या खेपेला त्यांच्या सूनबाईंनी "मामा, ते पाकीट इकडं द्या" म्हणून गोळ्याच काढून घेतल्या, तेव्हा कुठे प्लेटवर ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू दिसला.

म्हणून नमुना पहिल्या गोळीपूर्वी द्यावा. डॉक्टरांनी औषध आधीच सुरू केले असल्यास ते स्वतःहून बंद करू नये. औषधाचे नाव आणि शेवटची मात्रा घेतल्याची वेळ आमच्या अर्जावर लिहावी, म्हणजे रिपोर्ट वाचताना ते लक्षात घेता येते. थंडी वाजून ताप येत असेल किंवा कंबरेत दुखत असेल तर रिपोर्टची वाट पाहत घरी थांबू नये.

उरलेल्या गोळीविषयी आम्ही एवढे का बोलतो, हे सांगणे भाग आहे. अनेक अँटिबायोटिक्स मुळात जिवाणूंनीच तयार केलेली आहेत. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो, त्यात स्ट्रेप्टोमायसिस या मातीतल्या जिवाणूंनी बनवलेल्या द्रव्याचा मोठा वाटा असतो. अन्न संपत आले की हे जिवाणू बीजाणू धरू लागतात आणि साधारण त्याच सुमारास शेजारच्या जिवाणूंची वाढ रोखणारी द्रव्ये बाहेर सोडतात. १९४३ मध्ये अमेरिकेत सापडलेले, क्षयरोगावर चाललेले स्ट्रेप्टोमायसिन याच कुळातले आहे. (पेनिसिलिन बुरशीचे आणि सिप्रोफ्लॉक्सासिन संपूर्ण मानवनिर्मित, हे अपवाद ध्यानात ठेवावेत.) स्वतःच्या विषाने स्वतः मरू नये म्हणून अशा जिवाणूंजवळ बचावाची जनुकेही असतात, आणि जनुके एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. त्यामुळे मागच्या आजारात चाललेली गोळी या खेपेलाही चालेलच असे नाही. आमच्या प्लेटवर औषधाच्या छोट्या कागदी चकत्या ठेवल्यावर काही चकत्यांभोवती स्वच्छ कडे उमटते, तर काहींच्या अगदी कडेपर्यंत जिवाणू वाढतात. हे कडे आम्ही मिलिमीटरमध्ये मोजतो, आणि 'सेन्सिटिव्ह' (औषध चालते) किंवा 'रेझिस्टंट' (चालत नाही) हा शेरा त्यावरूनच पडतो.

लघवीच्या संसर्गाचे जिवाणू बहुधा स्वतःच्याच आतड्यातून आलेले असतात. तथापि औषधाला न जुमानणारा जिवाणू त्या आतड्यात येतो तो न धुतलेल्या हातांवाटे, दूषित अन्नपाण्यातून किंवा रुग्णालयातील मुक्कामात. पंचगंगेच्या पुरात सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले की त्याची वाट आणखी सोपी होते. तो महिनोन्‌महिने काही त्रास न देता राहू शकतो. त्यामुळे जाऊबाईंना लागू पडलेली गोळी आपल्यालाही लागू पडेलच, असे समजू नये.

नमुन्याबाबत दोनच गोष्टी. सुरुवातीची धार सोडून मधली धार आमच्या निर्जंतुक डबीतच घ्यावी. धुतलेली सिरपची बाटली आम्ही परत करतो, यात कोणाचा अपमान करण्याचा हेतू नसतो. दुसरे, नमुना दोन तासांत पोहोचावा. अनुकूल स्थितीत ई. कोलाय दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो, म्हणजे दोन तासांत एकाचे चौसष्ट. गारगोटीहून एसटीने पिशवीत आलेला नमुना त्यामुळे नसलेला संसर्गही दाखवू शकतो. उशीर होणार असेल तर डबी फ्रीजमध्ये ठेवावी, फ्रीझरमध्ये नव्हे, आणि २४ तासांच्या आत आणून द्यावी.

आमचा दर काही ठिकाणांपेक्षा थोडा अधिक आहे, हे आम्हांला ठाऊक आहे. चकत्या नीट काम देतात की नाही, हे आम्ही ओळखीच्या जिवाणूवर दर आठवड्याला पडताळतो आणि तो खर्च दरात धरलेला असतो. निर्जंतुक डबी आदल्या दिवशी विनामूल्य मिळते. शहरात घरी येऊन नमुना नेण्याची सोयही आहे. रविवारी शटर खाली दिसले तरी प्लेट पाहण्यास आमचा तंत्रज्ञ येतो, त्यामुळे शनिवारी सकाळी दिलेल्या नमुन्याचा रिपोर्ट बहुधा सोमवारी तयार असतो.