मांडीचा आणि गुडघ्याचा बाजूने घेतलेला एक्स-रे: काढताना आणि हातात पडल्यावर

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘ए.पी. आणि लॅटरल’ (म्हणजे समोरून आणि बाजूने) असं लिहिलेलं असतं, तरी आमच्या एक्स-रे सेंटरच्या काउंटरवर विचारणा होतेच: ‘समोरून एकच काढला तर चालणार नाही का?’ आणि फिल्म घरी गेली की फोन येतो: ‘मांडीचं हाड वाकलंय का? गुडघ्याच्या मागे तुकडा दिसतोय तो कसला?’ हे पत्रक त्या प्रश्नांसाठी आहे.

दोन बाजू कशासाठी

एक्स-रे म्हणजे हाडाची सपाट सावली. मोडलेल्या हाडाची टोकं पुढे-मागे सरकली असतील, तर समोरून ती एकावर एक येतात आणि हाड सरळ दिसू शकतं. गुडघ्याच्या वाटीचं तर आणखी अवघड. समोरून घेतल्यावर वाटी मांडीच्या हाडाच्या टोकावरच पडते, त्यामुळे तिच्यातली आडवी चीर झाकली जाऊ शकते. बाजूने घेतला की वाटी मोकळी उभी दिसते. चिठ्ठीवर दोन व्ह्यू असतील तर आम्ही दोन्ही काढतो. एकच लिहिला असेल तर आपल्या मनाने दुसरा वाढवत नाही.

सगळ्यात जास्त वेळ कुठे जातो

गुडघ्याच्या लॅटरलसाठी तुम्हाला दुखऱ्या पायाच्या कुशीवर झोपवलं जातं. दुसरा पाय बाजूला घेऊन त्याला उशीचा आधार देतो. दुखरा गुडघा 20 ते 30 अंशांत वाकवतो. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला दोन गोळे असतात. गाडी बरोबर बाजूने पाहिली की पलीकडचं चाक अलीकडच्या चाकाआड जातं, तसे हे दोन गोळे एकमेकांआड यायला हवेत. आतल्या बाजूचा गोळा थोडा खाली उतरलेला असतो, म्हणून मशीनची नळीही 5 ते 7 अंश डोक्याच्या दिशेने कललेली असते. ती वाकडी राहिलेली नसते, मुद्दाम तशी ठेवलेली असते.

एवढं सगळं जुळवून टेक्निशियन मागे जातो, आणि नेमकं तेव्हाच बरेच जण मान उचलून गुडघ्याकडे बघतात. मान उचलली की कंबर फिरते आणि कंबरेबरोबर मांडी. पाय हलल्याचं तुम्हाला जाणवतसुद्धा नाही, पण फिल्मवर गोळ्यांच्या दोन वेगळ्या कडा दिसतात आणि वाटीमागची फट बुजते. असा एक्स-रे डॉक्टरांच्या कामाचा नसतो. तो पुन्हा काढावा लागतो, तुमचा वेळ जातो आणि मागे थांबलेल्यांचाही.

दुसरं कारण दुखणं. ‘चालेल, काढा’ म्हणत दात-ओठ खाऊन पडून राहिलेला माणूस हळूहळू पाठीवर कलतो. तसं करू नका. वेदना असेल तर आधीच सांगा, पायाखाली टेकू देता येतो. पडल्यामुळे किंवा मार लागल्यामुळे आला असाल तर ते अगदी पहिल्यांदा सांगा. हाड मोडल्याची शंका असेल तर आम्ही तुम्हाला कुशीवर वळवतच नाही. तुम्ही उताणे, पाय सरळ आणि किरण बाजूने आडवा, असा एक्स-रे घेतो. यात आणखी एक फायदा आहे. सांध्याच्या आत हाड मोडलं असेल तर मज्जेतली चरबी सांध्यात येऊन रक्तावर तरंगते, आणि तिची आडवी रेषा या पद्धतीत दिसू शकते. चीर बारीक असली तरी ही रेषा डॉक्टरांना सावध करते.

‘सूज आहे, जास्त वाकवला की बरं वाटतं’ असंही ऐकतो. पण 30 अंशांच्या पुढे वाटी खाचेत ओढली जाते आणि वाटीच्या वरच्या पिशवीतलं पाणी दाबलं जाऊन दिसेनासं होतं. वाटी वर सरकली आहे की खाली हेसुद्धा 20 ते 30 अंशांच्या कोनातच मोजतात: वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणाऱ्या खालच्या पट्ट्याची लांबी भागिले वाटीची लांबी, साधारण 0.8 ते 1.2 आलं की ठीक.

पुन्हा काढलेल्या व्ह्यूचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही. वाकडी फिल्म देऊन मोकळं होणं सोपं आहे, आम्ही ते करत नाही. किरणांची काळजी वाटणाऱ्यांसाठी: गुडघ्याच्या एका एक्स-रेचा डोस छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी असतो. तरीही विनाकारण दुसऱ्यांदा काढायला नको, म्हणून तर हलू नका असं इतकं सांगतो.

फिल्म हातात आल्यावर

मांडीचं हाड बाजूने पाहिलं की पुढच्या बाजूला कमानदार दिसतं. ते तसंच असतं, वाकलेलं नसतं. हाडाच्या मागच्या कडेला जाड, खडबडीत रेघ दिसते, तिथे स्नायू चिकटतात. रक्तवाहिनी आत शिरते तिथली बारीक तिरकी रेघही पुष्कळांना चीर वाटते.

मांडीच्या दोन फिल्म का, असं विचारतात. नेहमीची मोठी फिल्म 14 × 17 इंचांची असते. मोठ्या माणसाचं मांडीचं हाड खुब्यापासून गुडघ्यापर्यंत तिच्यात मावत नाही, आणि दोन्हीकडचे सांधे दिसलेच पाहिजेत.

गुडघ्यामागचा गोल, गुळगुळीत कडांचा छोटा दाणा बहुधा फॅबेला असतो. पोटरीच्या स्नायूतलं हे छोटं हाड काहींना असतं, काहींना नसतं. लहान मुलांच्या फिल्ममध्ये हाडांच्या टोकांजवळ काळे पट्टे दिसतात, त्या वाढीच्या जागा. पण दाणा कुठला आणि तुटलेला तुकडा कुठला, हे रेडिओलॉजिस्टने ठरवायचं. आमच्याकडे रिपोर्टशिवाय फिल्म देत नाही, ती याचसाठी.

कूर्चा, गादी आणि सांध्याच्या आतली लिगामेंट (हाडांना बांधणारे पट्टे) एक्स-रेत दिसत नाहीत. झोपून घेतलेल्या लॅटरलवरून ‘गादी झिजली’ असा निष्कर्ष काढू नका. सांध्यातली फट पाहायला उभं राहून समोरून घेतलेला एक्स-रे लागतो.

फिल्म खिडकीला धरून मोबाईलवर काढलेला फोटो डॉक्टरांना पाठवू नका. राखाडी छटा त्यात हरवतात, आणि त्याच छटांमध्ये सूज आणि पाणी दिसतं. मागितलंत तर आम्ही मूळ डिजिटल फाइल देतो, तीच पाठवा.

येताना

कोणता पाय ते चिठ्ठीवर लिहून आणा. जुने एक्स-रे असतील तर तेही आणा, आमच्याकडे काढलेले असतील तर आम्ही शोधून देतो. खिशातली नाणी, किल्ल्या, मोबाईल बाहेर ठेवा आणि पट्ट्यांची नी-कॅप काढा. जीन्सची चेन आणि बटणं मांडीच्या वरच्या भागावर उमटतात, सैल कपडे घाला. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर आत येण्यापूर्वी सांगा. मांडीचा वरचा भाग ओटीपोटाला लागून असल्याने तिथे हे विशेष महत्त्वाचं. प्लास्टर किंवा स्लॅब (अर्धं प्लास्टर) मात्र घरी काढून येऊ नका. ते काढायचं की तसंच ठेवून एक्स-रे घ्यायचा, हे तुमचे डॉक्टर ठरवतील.